तिरका टेकू

दुबईतल्या इंटरनॅशनल सिटीमधल्या एका हॉलचे आडवी कपाटं लावून तीन भाग केले होते, आणि त्यातल्या मधल्या भागात आम्ही राहायचो. मधला म्हणजे बिनखिडकीचा. एका बाजूला केरळचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला हैदराबादचं; आमच्या वाट्याला दोघांच्या फोडणीचे वास, दोघांची भांडणं आणि दोघांच्या कपाटांच्या पाठी. अभ्यास मी पलंगावर करायचे, कारण पलंग सोडून जागाच नव्हती. बाबा ज्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचे ती एक दिवस बंद पडली. व्हिसाची मुदत संपत आली, आईनं बॅगा भरून दाराशी ठेवल्या, आणि मग ती जिन्यात जाऊन रास अल खैमाला तिच्या थोरल्या भावाला फोन करून आली. "भाऊ बघतो म्हणाला," एवढंच बोलली. तो एक फोन आमच्या घराला जन्मभर पुरला.

ते भाऊमामा गेल्या महिन्यात गेले. मी जेबेल अलीच्या ऑफिसात एका ड्रॉइंगवरून कुणाशी तरी वाद घालत होते, तेव्हा आईचा फोन आला. "भाऊ गेला गं…"  मग म्हणाली, "तू जेवलीस का?" फोन ठेवते न ठेवते तोच इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला, 'आधारवड कोसळला'. त्याखाली दुसऱ्याचा, 'आधारवड हरपला'. तिसऱ्यानं तर वडाचा फोटोच टाकला, पारंब्यांसकट. वाळवंटात जन्म काढणाऱ्या माणसांना वडाचं एवढं काय कौतुक असतं कोण जाणे. ज्याच्या सावलीत बसता येतं तो वड. भाऊमामांच्या सावलीत बसलेलं मी तरी कुणाला पाहिलं नाही. बसलेले असायचे ते मामा. बाकीचे उभे.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं म्हणतात. असं म्हणणारे बहुतेक लोक त्या माणसाच्या घरी जेवायला गेलेले असतात. स्वयंपाकाला गेलेले नसतात. मामीच मला म्हणाल्या, "पेपरच्या पुरवणीत काहीतरी यायला पाहिजे गं त्यांच्यावर. तू शिकलेली आहेस, तूच लिही. चांगलं लिही." चांगलं म्हणजे खरं, असा मी अर्थ घेतला. मामी वाचतील तेव्हा काय म्हणायचं ते म्हणतील. त्या माझ्याइतकंच पाहत आल्या आहेत, फक्त बोलल्या नाहीत.

मामांचा रास अल खैमाला बांधकामाच्या कंत्राटाचा धंदा. त्यांनी बाबांना गोदामावर स्टोअरकीपर म्हणून घेतलं आणि आपल्या व्हिलाच्या मागच्या अंगाला, पाण्याच्या टाकीशेजारी, एक खोली दिली. तिला खिडकी होती. मला ती खोली महालासारखी वाटली, हेही सांगते, लपवत नाही. बदल्यात आई व्हिलाचा स्वयंपाक बघायची, पाहुण्यांचा बघायची, सणावाराला येणाऱ्या शंभर डोक्यांचा बघायची. बाबा सुट्टीच्या दिवशी मामांची गाडी धुवायचे. आणि हे सगळं चालू असताना वर एक वाक्य असायचं. टेकू हा मामांच्या धंद्यातला शब्द. स्लॅब ओतताना खाली जे लोखंडी खांब उभे करतात, ते टेकू. माणसांनाही मामा टेकूच द्यायचे. कुणी नवा पाहुणा आला की हात बाबांच्या खांद्यावर, आवाज पार गेटपर्यंत: "हे आमचे दाजी. टेकू दिला म्हणून उभे आहेत, नाहीतर खलास!" पाहुणे हसायचे. बाबा ताटाकडे बघून हसायचे. आई आत पोळ्या लाटत असायची. लाटण्याचा आवाज तेवढ्यापुरता थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

मी बारावी झाले तेव्हा मामांनी माझं भविष्यही ठरवून टाकलं. आईला म्हणाले, "इंजिनीअरिंग? शके, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? टायपिंग शिकव तिला. माझ्या ऑफिसात बसेल. एसी आहे."  बाबांनी मामांचं गोदाम सोडलं, एका टाइल्सच्या कारखान्यात फोर्कलिफ्टवर पुन्हा चढले आणि आम्ही रास अल खैमातल्याच अल नखीलमधल्या एका जुन्या बिल्डिंगीत राहायला गेलो. मी सांगलीला शिकले, मेकॅनिकल केलं. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत कॉलेजची डिग्री घेतलेली मी पहिली. हे मी जमेल तिथे सांगते, इथेही सांगितलं. निकालाचे पेढे घेऊन गेले तेव्हा मामांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला, इंजिनीअरबाई झाली. आता बघू टेकूशिवाय किती उभी राहते."

आम्ही त्या खोलीतून बाहेर पडलो, पण आई पडली नाही. मामांकडे काही असलं की निरोप यायचाच, आणि ती जायचीच. मी चिडायचे. तिचं उत्तर ठरलेलं: "भावानं वेळेला टेकू दिला होता गं." शब्द त्यांचा, तोंड तिचं… याहून जास्त माणसाला कसं बांधून ठेवतात मला माहीत नाही.

मग मामांना कॅरॅव्हॅनची हौस आली. इथे हिवाळा लागला की लोक गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडतात आणि वाळूत नाहीतर समुद्राकाठी नेऊन ठेवतात. मामांनी मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या जोडप्याची जुनी कॅरॅव्हॅन घेतली. पांढरी, अंगावर तपकिरी पट्टा, आत पलंग, सोफा आणि एक बारकं स्वयंपाकघर. डोंगराच्या पायथ्याशी कॅम्पची जागा धरली. मोकळ्या हवेत निवांत बसावं, हा त्या गोऱ्यांचा हेतू असेल. मामांचा हेतू माणसं बोलावून ती दाखवणं हा होता. दर शनिवार-रविवारी पाहुणे, आणि पाहुणे म्हटलं की आई. मामी तिथे स्वयंपाक करायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं, "मला नाही बाई जमत त्या डबड्यात." मामींना नाही म्हणता येत होतं.

आणि ते डबडं हलायचं. कुणी पायरीवर पाय ठेवला की हलायचं, कुणी पलंगावर कूस बदलली की हलायचं, वारा आला की आपलं आपणच हलायचं. दुसऱ्या कुणाला ती गंमत वाटली असेल. माझ्या आईला कानाच्या तोलाचा त्रास आहे. मान एकदम वळवली तरी तिला भिंत धरावी लागते. त्या ओट्याशी ती एका हातानं कट्टा धरून दुसऱ्या हातानं कांदा परतायची. मामा दारातून ओरडायचे, "काय शके, बोटीत बसल्यासारखं वाटतंय ना? फुकटात क्रूझ!" एका शनिवारी त्यांचा कुणी जाडजूड मित्र धाडकन पायरीवर चढला, गाडी झोकांडली आणि आई रश्श्याच्या पातेल्यासकट खाली गेली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजली. मामांचा बाहेरून आवाज आला, मी स्वतः ऐकला आहे: "शके, सांडला की काय? अर्धा तरी ठेव गं आमच्यासाठी!" आणि सगळे हसले. व्हॉट्सॲपवर ज्यांनी वड लावले त्यातले काही जण त्या हसणाऱ्यांत होते. नावं घालत नाही. त्यांना कळेल.

आईचा हात बांधून झाल्यावर मी मामांना म्हणाले, "एक तर हे हलणं थांबवा, नाहीतर आईला बोलावू नका."

"त्यात काय? टेकू देतो. उभा जन्म टेकू दिलेत मी."

आणि खरंच दिले. पुढच्या आठवड्यात गोदामातून स्लॅबचे लोखंडी खांब आणून त्यांनी कॅरॅव्हॅनच्या खाली चारी बाजूंनी ठोकले. मी तिथे पोचले तेव्हा चाकं वाळूवर जेमतेम टेकलेली होती. मी सांगितलं, "मामा, ही खाली बसत नाहीये, झुलतेय. उभ्या टेकूनं झुलणं थांबत नाही. तिरका लागतो." त्यांनी पाहुण्यांकडे बघून डोळा मारला. "तिरका टेकू! तिरकं तू बोलतेस तेवढं पुरे आहे." आणि खांब किती भक्कम बसलेत ते दाखवायला आत गेले, दार ओढून घेतलं, उड्या मारल्या. गाडी पूर्वीसारखीच हलली. शिवाय खालचा सांगाडा खांबांवर पिळवटला गेला होता, त्यामुळे दार चौकटीत अडकलं. आतून हाका सुरू झाल्या, आधी रुबाबात, मग घाईत: "दाजी… अहो दाजी! बघा की जरा!" बाबा शांतपणे एकेक खांब उतरवत होते. मला वाटतं त्यांनी गरजेपेक्षा जरा जास्त वेळ लावला. मामा बाहेर आले ते घामानं निथळत. म्हणाले, "दार भंगार आहे. लाव तुझे ते तिरके."

मी अमेरिकेहून स्टॅबिलायझर स्ट्रटचा सेट मागवला. काम साधं आहे. कॅरॅव्हॅनच्या कोपऱ्यांना मुळातच छोटे जॅक असतात, ते खाली सोडून वाळूवर टेकवायचे. प्रत्येक जॅकच्या पायापासून वर सांगाड्यापर्यंत एक तिरकी नळी बसवायची, नळीत नळी सरकणारी, म्हणजे जॅक खालीवर होईल तशी ती लांब-आखूड होते. जॅक टेकले की नळीवरची मूठ आवळायची. मूठ आवळली की त्रिकोण पक्का झाला, आणि त्रिकोण हलत नाही. शाळेत शिकवतात हे. निघताना उलटं: आधी मूठ सैल, मग जॅक वर. एवढंच.

बाबांनी चाकांना अडण्या लावल्या आणि मी गाडीखाली उताणी झाले. पाठीखाली वाळू, डोळ्यांत गंजाचा चुरा, हातात ड्रिल. सांगाड्याच्या लोखंडाला भोक पाडायचं म्हणजे ड्रिल छातीवर धरून जोर लावावा लागतो. मामा खुर्ची टाकून जवळच बसले होते. मला त्यांच्या चपला दिसत होत्या आणि चहाच्या ग्लासाचा तळ.

"इंजिनीअरबाई, एवढ्याशा नळ्या? कुठून आणल्यात, ड्रॅगन मार्टच्या चिनी दुकानांतून?"

 माझ्या तोंडात स्क्रू होते.

"अगं, ह्या गाडीचं वजन किती, ह्या नळ्या केवढ्या! ही उचलणार त्या?"

मी स्क्रू हातात घेतले. "उचलायचं काम त्यांचं नाहीच, मामा. वजन चाकांवर आहे. पहिल्यापासून चाकांवरच होतं. टेकू फक्त हलू देत नाही."

"म्हणजे टेकूला काही किंमतच नाही म्हण की."

"आहे ना. फक्त टेकूनं 'गाडी मी उचलली' असं गावभर सांगत फिरू नये."

वर कॅरॅव्हॅनमध्ये आईच्या हातातलं लाटणं थांबलं. मग एक आवाज आला, तो कुणाचा हे मला गाडीखालून क्षणभर कळेना. बाबा हसले होते. ताटाकडे बघून नाही, मोठ्यानं, मामांसमोर. चपला जागच्या जागी होत्या. ग्लासाचा तळ वर गेला, खाली आला. "यल्ला, उरक," मामा म्हणाले, "ऊन चढतंय." लाटणं पुन्हा सुरू झालं, आणि त्या दिवशी पोळ्या जरा भराभर लाटल्या गेल्या असं मला वाटलं.

शेवटची मूठ आवळून मी बाहेर आले. आईला म्हटलं, "कट्टा सोड." तिनं बोटं उचलली, पण हात तिथेच घुटमळत ठेवला. मामा पायरीवर चढले, मुद्दाम आपटत. मग आत दोन येरझाऱ्या घातल्या. आईचा हात हळूहळू खाली आला.  गॅसवरचा चहा तिनं ग्लासात ओतला, काठोकाठ, आणि मामांच्या पुढ्यात ठेवला. ग्लासातला चहा हलला नाही. मामा त्या ग्लासाकडे बघत राहिले, आणि मग म्हणाले, "साखर कमी आहे."

'छान झालं' असं ते मरेपर्यंत म्हणाले नाहीत. उलट नवे पाहुणे आले की काठोकाठ ग्लास मेजावर ठेवायचे आणि पायरीवर उड्या मारायचे. "बघा, हलतंय का? मी बसवून घेतलंय सगळं." मी बसवून घेतलंय! मात्र बाबांच्या खांद्यावरचा हात त्या दिवशी सुटला तो सुटलाच. 'टेकू दिला' हे वाक्य मी पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. चांगुलपणामुळे नव्हे. बाबा पुन्हा हसतील याची भीती असावी.

पहिल्याच रविवारी त्यांनी मूठ सैल न करता जॅक वर घेतला आणि एक नळी वाकवली. फोन आला: "तुझा माल चायनाचा निघाला." मी म्हटलं, "आधी मूठ सैल करायची असते, मामा." आयुष्यात ज्यांनी ती कधी केली नाही, त्यांना हे सांगताना मला जो आनंद झाला तो मी इथे नोंदवून ठेवते. नवी नळी बसवली, पुन्हा समजावलं. तरी त्यानंतर प्रत्येक रविवारी, सामान आवरायच्या वेळी फोन. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "अगं ए इंजिनीअरबाई, आधी मूठ का आधी जॅक?" "मूठ, मामा." "बरं." खलास. हिवाळाभर, दर हिवाळ्यात. मी कुठेही असेन, सिनेमात, मीटिंगमध्ये, बर दुबईला देवळाच्या रांगेत; आजूबाजूचे विचारायचे, कोण? मी सांगायचे, आमच्याकडे एक जण आहेत, ज्यांना दोन गोष्टींचा क्रम लक्षात राहत नाही. शेवटचा फोन त्यांना कॅम्पवरून हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या रविवारचा. मी गाडी चालवत होते. "मूठ," म्हटलं आणि फोन ठेवला.

शोकसभेत बरेच जण बोलले. एकानं सांगितलं की भाऊसाहेबांनी कित्येक संसार उचलून धरले. मी शेजारी पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती. गाल मात्र हसू दाबायला आत ओढून धरला होता. आई रडत होती. ती मनापासून रडत होती, आणि तिच्या रडण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. भाऊ होता तिचा.

सभेनंतर मामींनी कॅरॅव्हॅनचा विषय काढला. त्यांचा मुलगा कॅनडातून व्हिडिओ कॉलवर होता. "जस्ट सेल इट, मॉम. इट्स जंक." मामी आईकडे वळल्या. "विकायची नाही मला. शकू, तू घे. त्यात उभी तूच राहिलीस."  त्या घरातून पुन्हा काही घ्यायचं म्हणजे काय, हे आईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. तिनं आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "घे. चाकं तिची तिला आहेत." ती म्हणाली, "घेते वहिनी. पण मग पाहुणे माझे. मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेच." मामी म्हणाल्या, "मला बोलाव म्हणजे झालं."

आम्ही तिघं कॅम्पवर ती आणायला गेलो. मामांनी जशी सोडली होती तशीच उभी होती. जॅक खाली, मुठी आवळलेल्या, मेजावर उपडा घातलेला ग्लास. मी सवयीनं खाली वाकले आणि पाहिलं तर प्रत्येक मुठीला लाल इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. साइटवर धोक्याच्या जागेला गुंडाळतात तशी. घट्ट, नीटनेटकी, कडेला धूळ बसून काळी पडलेली. बाबांनी अंगठ्यानं ती धूळ पुसली आणि म्हणाले, "ही जुनी आहे गं. नळी वाकवली होती, तेव्हाचीच असणार." म्हणजे आधी मूठ, हे त्या माणसाला तेव्हापासून माहीत होतं. टेप समोर दिसत असताना दर रविवारी मला फोन करायचे. स्वतःच्या हातानं लावलेल्या टेपवरही ज्याचा विश्वास नाही, अशा माणसाबद्दल काय बोलायचं…

टेप मी काढली नाही. आईनं विचारलं, "आधी काय करायचं गं?" मी सांगितलं. तिनं गुडघे टेकले आणि स्वतःच्या हातानं एकेक मूठ सैल केली.

आता कॅरॅव्हॅन डोंगराकडे नाही, समुद्राच्या बाजूला लावतो. आईला वाटेल तेव्हा जातो. गेल्या शनिवारी मामी आल्या होत्या. बाबांनी कांदा चिरला, आईनं चहा केला, काठोकाठ भरला. वारा होता. कॅरॅव्हॅन हलत नाही. आई आत काहीही न धरता उभी असते.